गिटार परकी, मग पेटी कोणाची?

छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगर रस्त्यावर एक दुमजली इमारत आहे. खाली किराणा दुकान, वर शिकवणीचे वर्ग. रात्री साडेनऊनंतर तिथले बाक भिंतीला लावले जातात आणि आमच्या भागातली दहा-बारा मुलेमुली नाटकाच्या तालमीला उभी राहतात. साडेनऊच्या आधी जमत नाही, कारण कोणी चिकलठाणा एमआयडीसीतून सुटून येतो, कोणी मेडिकलचे दुकान बंद करून येतो. नळाला पाणी येण्याचा दिवस असला की त्या दिवशी तालीम नसते. या मुलांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ हे नाटक पुन्हा उभे करायचे ठरवले आहे, आणि तेही गिटार, ड्रम आणि मोठ्या आवाजासह, रॉकच्या अंगाने.

महिन्यापूर्वी त्यांनी शहरातल्या एका ज्येष्ठ रंगकर्मींना सल्ल्यासाठी बोलावले. सरांचे नाव मी घेणार नाही. त्यांच्याच हाताखाली मी पडदा ओढायला शिकलो, त्यामुळे त्यांच्याशी माझे भांडण असूच शकत नाही. मतभेद मात्र आहे, आणि तो मोठा आहे. सर म्हणाले, हे आपल्या मातीतले नाही. पुण्याच्या मंडळींनी केले, त्यांना ते शोभले. आपण भारूड, गोंधळ, पोवाडा करावा. ते जमत नसेल तर नवे लिहावे. पन्नास वर्षांपूर्वीचे उकरून काढायचे, त्यावर गिटार वाजवायची, यात मराठवाड्याचे काय? आणि शेवटी म्हणाले, गुंडाला नायक करणारे नाटक आजच्या दिवसांत करूच नये.

मुले गप्प बसली. मीही गप्प बसलो. ते गप्प बसणे चुकले, म्हणून हे लिहितो आहे. सरांसारखा विचार करणारे या शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या शब्दाला वजन आहे. स्पर्धेचे परीक्षक, सभागृहाच्या तारखा हातात असलेले लोक, चार पैसे देणारे व्यापारी त्यांचे ऐकतात. म्हणून आक्षेपांना उत्तर उघडपणे द्यायला हवे.

आधी नाटकाबद्दल. 1728 मध्ये लंडनमध्ये जॉन गे याने ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगमंचावर आणले. चोर, भिकारी आणि त्यांच्याशी संगनमत असलेले तुरुंगाधिकारी ही त्यातली पात्रे, आणि गाणी रस्त्यावरच्या लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर. दोनशे वर्षांनी, 31 ऑगस्ट 1928 रोजी, बर्लिनमध्ये बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्याच कथेवरून ‘थ्री पेनी ऑपेरा’ उभा केला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, 1978 मध्ये, पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणले आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीने डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचे प्रयोग केले. पुलंनी नावातच ‘तमाशा’ हा शब्द घालून हे नाटक मराठी अंगणात उतरवले.

त्यातला दरोडेखोर अंक्या नंदू भेंडे यांनी केला. हे नाव आजच्या मुलांना सांगावे लागते, म्हणून सांगतो. नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. मराठी रंगभूमी त्यांच्या घरातच होती. मुंबईत ते इंग्रजी रॉक गात. 1974 मध्ये अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ ही रॉक संगीतिका केली, तेव्हा त्यात ज्यूडास त्यांनीच केला होता. चार वर्षांनी तोच गळा मराठी नाटकात आला. ‘तीन पैशाचा तमाशा’ला शुद्ध रॉक संगीतिका म्हणता येणार नाही, हे मी आधीच मान्य करतो. त्यात नाट्यगीताचा बाज आहे, लावणीचा आहे, आणि अंक्याच्या तोंडी पाश्चात्य रॉक-पॉपचा आहे. पात्र बदलले की गाण्याची जात बदलते, आणि त्यातून त्या पात्राची समाजातली जागा कळते. आमच्या मुलांना अंक्याच्या अंगाने सगळे नाटक वाजवायचे आहे. ही त्यांची निवड आहे, आणि ती तपासून पाहण्यासारखी आहे.

आता पहिला आक्षेप, मातीचा.

मराठी संगीत नाटकाचा जन्मदिवस आपण 31 ऑक्टोबर 1880 मानतो. त्या दिवशी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले अंक झाले. हे नाटक अण्णासाहेबांना सुचले ते पारशी मंडळींचे उर्दू संगीत नाटक पाहून, ही गोष्ट नाट्येतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडते. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने आज गिटारला दार बंद केले जाते, ती परंपराच दुसऱ्याच्या रंगमंचाकडे मोकळ्या मनाने पाहणाऱ्या माणसाने सुरू केली. त्यात त्याने साकी-दिंडी मिसळली, कर्नाटकी चाली मिसळल्या आणि ते सगळे मराठी करून टाकले.

मग पेटी. नाट्यसंगीत म्हटले की कानात पेटीचा सूर येतो. गोविंदराव टेंबे यांची पेटी, 1911 च्या ‘मानापमान’ला त्यांनी दिलेल्या चाली, बालगंधर्वांच्या गाण्यामागचा ऑर्गन, हे सगळे आज आपल्या रक्तातले वाटते. पण पेटी युरोपातली. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबां याने 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ऑर्गन तर थेट चर्चमधून आला. पेटीवरही परकेपणाचा ठपका बसलाच होता. 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती उठू लागायला 1971 उजाडावे लागले. तीस वर्षे सरकारी नभोवाणी सांगत राहिली की हे वाद्य आपले नाही. त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या भजनी मंडळांनी पेटी माळ्यावर टाकली नाही. वाद्य कोणाचे, याचा निकाल वाजवणाऱ्यांनी दिला.

आमच्या पुंडलिकनगरातही हा निकाल रोज लागतो. लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजतात, ते पलटणींच्या बँडमधून आले आहेत. चौदा एप्रिलला भीमगीतांमागे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असतो. गणपतीत ढोलाच्या बाजूला स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. कोणी म्हणत नाही की वरातीचे ट्रम्पेट परके आहे, नवरदेवाने सनईवरच यावे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पाश्चात्य गायनाची आणि पाश्चात्य समूहगानाची स्पर्धा असते. मग नाटकाच्या दारातच हा दाखला का मागायचा?

मातीचा विचार खोलवर करायचा असेल तर पैठणला जाऊ. इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सर ज्या भारुडाचे नाव घेतात ते संत एकनाथांनी तिथे रचले. नाथांनी कोणाचे रूप घेतले? गोंधळ्याचे, वासुदेवाचे, जोगवा मागणारीचे, फकिराचे. जोहार घालणाऱ्या महाराच्या तोंडून ते बोलले. दरबारी फारसी कागदाचा घाट उचलून त्यांनी ‘अर्जदस्त’ लिहिली. हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला. सोळाव्या शतकात पैठणसारख्या कर्मठ गावात राहून ज्याने रस्त्यावरचा प्रत्येक आवाज आत घेतला, त्याच्या भारुडाचा उपयोग आपण नवा आवाज बाहेर ठेवण्यासाठी करावा, हे नाथांना पटले नसते असे मला ठामपणे वाटते. आमच्या शहराच्या मोठ्या नाट्यगृहाचे नाव संत एकनाथ रंगमंदिर आहे. त्या नावाखाली गिटार वाजली तर नावाचा मान वाढेल.

आणखी एक गोष्ट. रॉकची पाळेमुळे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या गाण्यांत आहेत. कापसाच्या शेतात राबणाऱ्या, गुलामीतून आलेल्या लोकांच्या ब्लूजमधून ते वाढले. कापूस वेचणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला अमेरिकेकडून शिकायला नको. आणि 1972 मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले. त्यांनी मातीचा दाखला मागितला नाही. दूरच्या माणसाचे दुःख आपल्या दुःखाला ओळखते, एवढे त्यांना पुरेसे होते. त्या नावाने मराठवाड्यातल्या गावोगावच्या पोरांना ताठ उभे केले. नाव परके म्हणून त्यांचा आवाज परका झाला का?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुने उकरून का काढायचे? नवे का लिहू नये?

नवे लिहावेच. त्यावर वाद नाही. पण पुनरुज्जीवन म्हणजे शिळ्या कढीला ऊत, हे मला मान्य नाही, आणि या शहरातल्या माणसाने तरी ते मानू नये. चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत उभी राहिली. प्रशांत दळवींचे ‘चारचौघी’ 1991 मध्ये आले. 2022 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तेच नाटक नव्या संचात पुन्हा केले आणि महाराष्ट्रभर लोकांनी रांगा लावल्या. तीस वर्षांत बाईच्या आयुष्यात काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे त्या प्रयोगाने प्रेक्षकाला स्वतःच तपासायला लावले. नव्या नाटकाला हे करता येत नाही, कारण त्याच्यामागे तीस वर्षे नसतात. 1967 चे ‘कट्यार काळजात घुसली’ राहुल देशपांडे यांनी 2010 मध्ये पुन्हा उभे केले आणि नाट्यसंगीतापासून दुरावलेली एक पिढी नाट्यगृहात आली. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ याच शहरातले. देशपांडे सर गेल्यानंतर संदीप पाठक ते करतात, आणि आपण ते डोक्यावर घेतो. तेव्हा कोणी विचारले नाही की जुने का उकरता. आपल्याला आवडते ते पुन्हा झाले तर ते वारसा, आणि न आवडणारे पुन्हा झाले तर उकरणे, असा दुहेरी हिशेब नको.

आणि हे नाटक तर पुनरुज्जीवनासाठीच जन्मलेले आहे. 1728, 1928, 1978 हे आकडे पुन्हा पाहा. प्रत्येक वेळी कोणीतरी आधीच्याचा सांगाडा घेतला आणि आपल्या काळाचे मांस त्यावर चढवले. गे याने रस्त्यावरच्या चाली घेतल्या. वाइलने त्याच्या काळातल्या नाचघरांचा जॅझ घेतला. पुलंनी लावणी, नाट्यपद आणि नंदू भेंडे घेतला. प्रत्येकाने तेव्हाच्या साध्या माणसाच्या कानावर जे पडत होते तेच उचलले. आज पुंडलिकनगरातल्या वीस वर्षांच्या मुलाच्या कानावर काय पडते? हलगी पडते, डीजे पडतो, भीमगीत पडते आणि मोबाइलवरचे रॉक व रॅपही पडते. त्याने यातून आपले वाद्य निवडले तर तो त्या तिघांच्या वाटेवरच चालतो आहे.

इथे मी सरांना एक गोष्ट पूर्णपणे देतो. नंदू भेंडे यांची ध्वनिफीत लावून त्यांच्या लकबी उतरवायच्या असतील तर हा प्रयोग करू नये. मुलांनाही मी हेच सांगितले. अंक्याने दक्षिण मुंबईच्या उच्चारात कशाला गावे? तो जालना रोडवर वाढलेला असू द्या. त्याच्या तोंडी ‘कामून’ आणि ‘लई’ येऊ द्या. संहिता वापरायची तर रीतसर परवानगी घ्या, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्या आणि शब्दाला विनापरवाना हात लावू नका. आणि संहितेत स्वतःचा काळ मावत नाही असे वाटले, तर गे याचे 1728 चे मूळ नाटक समोर आहे. ते आज कोणाच्याही मालकीचे नाही. त्यावरून स्वतःचे मराठी नाटक लिहा. नवे लिहा, हा सरांचा आग्रह असा पुरा होईल आणि जुन्याचा धागाही तुटणार नाही.

तिसरा आक्षेप ऐकून मला सर्वांत जास्त वाईट वाटले. पुण्याला शोभले, आपल्याला झेपणार नाही. हा आक्षेप नाटकाबद्दलचा नाही. तो आपण स्वतःला किती किंमत देतो याबद्दलचा आहे.

थिएटर अकॅडमी 1973 मध्ये स्थापन झाली, ती ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग मूळ संस्थेने थांबवल्यावर. त्या मंडळींना पुण्याची उच्चभ्रू मंडळी म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. पण जब्बार पटेल शाळा शिकले सोलापुरात, आणि दौंडला दवाखाना चालवत नाटके करत. सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी करत. मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. दिवसा पोटाचे काम, रात्री तालीम. त्यांच्यात आणि शिकवणीच्या वर्गातले बाक सारणाऱ्या आमच्या मुलांत पगाराचा फरक असेल, जातीचा फरक असेल, पण नाटक करण्याच्या रीतीत फरक नाही.

मराठवाड्याने स्वतःही याचे उत्तर दिलेले आहे. 2012 मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आले. लेखक राजकुमार तांगडे, संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. काम करणारी मंडळी जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ परिसरातली, त्यांतले बरेचसे शेतकरी. यम शिवरायांना न्यायला येतो, त्यांच्या विचारांचा जिरेटोप वाटेत हरवतो आणि यमाला तो शोधायला परत यावे लागते, एवढी साधी गोष्ट. पण त्या गाण्यांनी, त्या जालन्याच्या बोलीने मुंबई-पुण्याची सभागृहे हलवून सोडली. कैलास वाघमारे यांच्यासारखा नट महाराष्ट्राला मिळाला. भाषा शुद्ध करा, असे त्यांना कोणी सांगू शकले नाही, कारण नाटकाची ताकदच त्या भाषेत होती. आणि नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ पाहा. दोनच पात्रे, सगळी गाणी रंगमंचावरच गायची, आणि नाटकाने पाचशे प्रयोग गाठले. मोठे संगीत नाटक मोठ्या शहरातूनच येते, हा समज या दोन नाटकांनी मोडून टाकला आहे.

पैशाचे म्हणाल, तर बर्लिनच्या मूळ प्रयोगात वादक किती होते ते पाहा. सात. एकेका वादकाने अनेक वाद्ये सांभाळली. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बँजो होते, आणि त्या वाद्यांत हार्मोनियमही होता, ही गोष्ट पेटीवाल्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. आमच्या भागात सात वादक मिळत नाहीत का? लग्नसराई संपली की बँडमधले ट्रम्पेटवाले चातुर्मासभर मोकळे असतात. संबळ वाजवणारे गोंधळी आहेत, हलगी घुमवणारे आहेत, भजनी मंडळात पेटी आहे, आणि गिटार व ड्रम शिकलेली मुले प्रत्येक कॉलेजात आहेत. ट्रॅकवर रेकॉर्डेड संगीत लावून नट ओठ हलवतात, तसला प्रयोग मात्र करू नका. रॉकचा जीव समोर वाजणाऱ्या माणसात असतो. तो घाम प्रेक्षकाला दिसला पाहिजे. त्या सात माणसांना मानधन मिळाले पाहिजे, फुकट वाजवून घेणे हाही दरोडाच.

पोवाडा, भारूड, गोंधळ मरतील, ही सरांची काळजी खरी आहे आणि ती मलाही आहे. पण या कला गिटारने मारल्या नाहीत. गोंधळ्याला वर्षभर काम नाही, तमाशाच्या फडाला कर्ज फिटत नाही, शाहिराला सरकारी जयंतीपलीकडे कोणी बोलावत नाही, आणि त्यांची मुले हलगी सोडून कारखान्यात जातात. मारणारी गोष्ट ही आहे. आमच्या तालमीत संबळ आणि बेस गिटार एकत्र वाजले तेव्हा साठीला आलेला गोंधळी म्हणाला, पोरांनो, हा ठेका माझ्या बापाचा आहे, तो चुकवू नका. त्या रात्री त्याने चार मुलांना संबळ धरायला शिकवले. गेल्या दहा वर्षांत त्याच्याकडे शिकायला दुसरे कोणी आले नव्हते. पोवाडा वाचवायचा असेल तर तरुणाच्या हातात तो द्यावा लागेल, आणि तरुण ज्या दारातून येतो ते दार उघडे ठेवावे लागेल.

आता शेवटचा आक्षेप, गुंडाचा. मला वाटते, सरांना खरे खुपते ते हेच आहे.

या नाटकात एक दरोडेखोर आहे आणि एक प्रतिष्ठित व्यापारी आहे. व्यापाऱ्याचा धंदा असा की तो भिकाऱ्यांना कपडे, व्यंग आणि जागा भाड्याने देतो आणि त्यांच्या भिकेतून वाटा घेतो. दयेचा घाऊक व्यापार. पोलीस अधिकारी दरोडेखोराचा मित्र आहे. हे सगळे पाहून प्रेक्षकाने ठरवायचे की यांत चोर कोण. नाटक दरोडेखोराची आरती ओवाळत नाही. ते विचारते की एकाला फासावर चढवताना बाकीच्यांना हार का घालता?

हा प्रश्न पुंडलिकनगरात विचारायलाच हवा. गेल्या काही वर्षांत पतसंस्थांमध्ये आयुष्यभराची ठेव अडकलेली माणसे या शहराच्या रस्त्यावर उतरली. निवृत्त शिपाई, धुणीभांडी करणाऱ्या बाया, मुलीच्या लग्नासाठी पै-पै साठवणारे बाप. त्यांच्या घरात कोणी कुलूप तोडून शिरले नव्हते. पावती देऊन, शिक्का मारून, चहा पाजून पैसे गेले होते. माझ्या गल्लीतल्या एका आजींनी मला विचारले होते, पाकीटमाराला लोक जाग्यावर बदडतात, मग यांना खुर्ची का देतात? त्या आजींनी ब्रेख्तचे नाव ऐकलेले नाही. पण ब्रेख्तचे अख्खे नाटक त्यांच्या एका वाक्यात आहे. अशा माणसांपुढे हे नाटक करू नये, म्हणजे त्यांचा प्रश्न रंगमंचावर येऊ नये, असाच त्याचा अर्थ होतो.

1978 हे साल मराठवाडा दुसऱ्या कारणाने विसरू शकत नाही. त्या वर्षी 27 जुलैला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडला. गुन्हेगार कोण आणि प्रतिष्ठित कोण, हा प्रश्न त्या वर्षी पुण्यात गाण्यातून विचारला गेला. इथे तो राखेतून विचारला जात होता. म्हणूनच हे नाटक या मातीतल्या मुलांनी, या बोलीत, स्वतःच्या वाद्यांवर करावे असे मी म्हणतो. त्यांच्याकडे या प्रश्नाचा अनुभव आहे. आणि हा प्रश्न कुजबुजून विचारण्यासारखा नाही. त्यासाठी मोठा आवाज लागतो. रॉकची गरज तिथे आहे.

1972 च्या ‘घाशीराम’लाही हेच सांगितले गेले होते की असे नाटक करू नये, समाजाची बदनामी होते. प्रयोग थांबवले गेले, मोर्चे निघाले. आज कोणी घाशीरामच्या त्या विरोधाचा अभिमान बाळगत नाही. सर, तुम्ही तरुण होतात तेव्हा घाशीरामच्या बाजूने उभे होतात, हे आम्हाला तुम्हीच सांगितले आहे. मग आज आमच्या मुलांच्या वेळी तुम्ही दुसऱ्या बाजूला का?

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. या मुलांना तालमीसाठी हक्काची जागा मिळाली पाहिजे. संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षे बंद राहिले तेव्हा या शहराच्या हौशी रंगभूमीचे किती नुकसान झाले, हे आपण पाहिले आहे. सिडकोतले संत तुकाराम नाट्यगृह आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथली एक तारीख आणि परवडेल असे भाडे, एवढेच हवे. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग आहे. त्याच्या परीक्षकांनी रागाइतकीच लयीची आणि शब्दाची परीक्षा करावी. सरांसारख्या ज्येष्ठांनी तालमीला यावे, चुका दाखवाव्यात, अंक्याच्या चालण्यात खोट असेल तर ती काढावी. पडदा कसा ओढायचा ते मला शिकवणाऱ्या माणसाने पडदा उघडूच नका, असे मुलांना सांगू नये.

2028 फार दूर नाही. त्या वर्षी ‘बेगर्स ऑपेरा’ला तीनशे वर्षे होतील, ‘थ्री पेनी ऑपेरा’ला शंभर आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ला पन्नास. लंडन, बर्लिन आणि पुणे आपापल्या परीने ते साजरे करतील. छत्रपती संभाजीनगरात त्या वर्षी पुंडलिकनगरच्या मुलांनी हे नाटक संबळ आणि गिटार घेऊन उभे करावे, आणि ठेव बुडालेल्या माणसांना पहिल्या रांगेत बसवावे. तालीम रोज रात्री साडेनऊला असते, पाण्याचा दिवस सोडून. ज्यांना अजूनही हे परके वाटते त्यांनी एकदा जिना चढून वर यावे आणि ऐकून मगच ठरवावे.